काळविटांचा पोळा

२२ ऑगस्ट १९९४, सोमवार
उद्यानाच्या रजिस्टरात 'सर्व प्राणी ठीक' एवढंच लिहायचं असतं. बाकीचं लिहायला जागा नाही आणि लिहिलं तर वाचणारे नको ते वाचतात. म्हणून ही वेगळी वही. घरी ठेवणार, ट्रंकेत.

दिल्लीचं पत्र आलं. ट्रस्टचे सचिव नानासाहेब यांनी ऑफिसात वाचून दाखवलं. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्राणी उद्यानाला मान्यता पाहिजे. वीस सप्टेंबरला पथक येणार, बघणार आणि ठरवणार. मान्यता मिळाली नाही तर कुलूप. नानासाहेब म्हणाले, "पितांबरराव, दाखवण्यासारखं काय आहे आपल्याकडे?" मी म्हटलं, "काळविटं." आणखी काय सांगणार? एक लंगडा कोल्हा, सात मोर, म्हातारं अस्वल आणि तारेच्या जाळीला भोकं. पण काळविटं सतरा आहेत. अकरा वर्षांपूर्वी तीन आणली होती, त्यांची सतरा मी केली. धुळे-साक्री रस्त्यावर असं उद्यान दुसरं दाखवा म्हणावं.

३१ ऑगस्ट, बुधवार
लोक येत नाहीत. काल दिवसभरात चौदा जण आले, त्यातले पाच पाऊस लागला म्हणून आडोशाला. नानासाहेबांची चिडचिड चालू आहे. पथक आलं आणि उद्यान ओस दिसलं तर काय?

तेव्हा मला सुचलं. सोमवारी पोळा आहे. म्हटलं, नानासाहेब, आपण काळविटांचा पोळा करू! सगळं जग बैलांचा करतं. आपण हरणांना ओवाळू, नैवेद्य खाऊ घालू, पेपरवाल्याला बोलावू. फोटो छापून आला की लोक गाड्या करून येतील. नानासाहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं ही अक्कल कुठे लपवून ठेवली होती?" मला बोलण्यातली खोच कळली, पण राग नाही आला.

खरं कारण वेगळं आहे. आमच्या घरचे बैल विकून अठरा वर्षं झाली. पोळा आला की रिकाम्या गोठ्यापाशी जाऊन उभा राहतो. बाप सांजच्याला बैलांचे पाय धुवायचा, ते आठवतं. हे कुणाला सांगितलं नाही.

४ सप्टेंबर, रविवार
प्रमिला आज पुरण शिजवत बसली. उद्या खापरावरचे मांडे, म्हणजे पुरणाच्याच मोठ्या पातळ पोळ्या, करणार. शेजारच्या द्रौपदाबाईही मदतीला येणार. पुरण वाटता वाटता प्रमिला म्हणाली, "अहो, हरणांना पचेल का हे? ती बिचारी गवतावरची." मी म्हटलं, बैल गवतावरचाच ना? का बैल हॉटेलात जेवतो? तू स्वयंपाक बघ, जनावरांचं मी बघतो. ती पुन्हा पुरण वाटायला लागली.

झिपरू आबालाही सांगून ठेवलं. हा माझा चारा-पाण्याचा माणूस, पिंपळनेरकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. काळविटं माझ्यावर विश्वास ठेवतात, त्याच्यावर जीव टाकतात. त्याला म्हटलं, उद्या सकाळचा चारा टाकायचा नाही. भुकेली असली म्हणजे फोटोच्या वेळी धावत येतील, नाहीतर कोपऱ्यात जाऊन उभी राहतील आणि फोटोत नुसती झाडं.

५ सप्टेंबर, सोमवार. पोळा
काय दिवस गेला! सगळं क्रमानं लिहितो.

पहाटेच गेलो. अस्वलाचा पिंजरा धुतला, मोरांना दाणे टाकले. काळविटं कुंपणाशी येऊन उभी. रोज या वेळी चारा पडतो ना. त्यांच्याकडे बघितलंच नाही.

नऊच्या सुमाराला झिपरू आबा डोक्यावर ज्वारीचा भारा घेऊन आला. गवताची गाडी आली नव्हती म्हणून त्यानं पलीकडच्या नथ्थूच्या शेतातून मागून कापून आणली होती. म्हणाला, "भाऊ, जनावर सकायपासून उपाशी शे. पहिले जरासा चारा टाकू द्या. मंग तुम्हना नैवेद्य." मी असा भडकलो! म्हटलं, आबा, एक दिवस माझं ऐकाल तर काय बिघडेल? भारा खोलीत टाकून कडी लावली. तो झाडू घेऊन निघून गेला.

अकराला सरदारची शिंगं हिंगुळानं रंगवली. हे सगळ्यात मोठं नर काळवीट. आई मेली तेव्हा मी आणि प्रमिलानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. गळ्यात गोंडा बांधला. लाल शिंगं, काळी पाठ, पांढरं पोट. कुणाच्या बैलाला असं रूप आहे का?

दुपारी एकला पेपरवाला आला. नानासाहेब सहकुटुंब, त्यांच्या घरून टोपलीभर मांडे. आमचे वेगळे. शिवाय दोन मोठी घमेली बाजरी, गूळ घालून शिजवलेली. ती माझीच कल्पना, आमच्याकडे बैलांना देत. फाटक उघडलं तशी सगळी काळविटं धावत आली! फोटोवाला खूश. नानासाहेबांनी सरदारला मांडा भरवला, तो फोटो निघाला. मोठ्यांनी घमेल्यांत तोंडं घातली ती काढेनात. दोन लहान पाडसं होती, त्यांना कुणी जवळ येऊ देईना. मी म्हटलं असू द्या, मोठ्यांचा मान पहिला. मग बघायला आलेल्या बायाबापड्यांनी आपापल्या घरच्या पुरणपोळ्या काढल्या. गर्दी तरी किती, तीनशे माणूस असेल. कुणाला नाही म्हटलं नाही. सणाच्या दिवशी नाही म्हणू नये. घमेली चाटूनपुसून साफ.

पाचला खोली उघडून ज्वारी टाकली. कुणी हुंगलीसुद्धा नाही. पोटं अशी टम्म भरलेली. झिपरू आबा भारा तसाच उचलून बाहेर नथ्थूच्या म्हशींपुढे टाकून आला. मी म्हटलं, बघा आबा, तृप्त झाली की नाही? तो हसला, पण मनापासून नाही. म्हातारा हट्टी आहे.

घरी आल्यावर प्रमिलानं मलाच ओवाळलं. आज बापाची फार आठवण झाली. समाधान वाटलं.

६ सप्टेंबर, मंगळवार
पेपरात फोटो आला, तिसऱ्या पानावर. नानासाहेब हसतायत, सरदार खातोय.

काळविटं मात्र सुस्त आहेत. उठत नाहीत. रवंथ नाही. दात खातायत. दोन माद्यांना पातळ लेंड्या. सणाची दमणूक म्हणायची. एवढी माणसं कधी बघितली नव्हती त्यांनी. सरदार भिंतीला डोकं टेकून उभा आहे.

दुपारी हिंग-ओवा गोडेतेलात कालवून पाजलं. संध्याकाळी फारच गळाल्यासारखी वाटली, अंगात ताकद यावी म्हणून सगळ्यांना गुळाचं पाणी पाजलं. झिपरू आबा धरायला होता, मी पाजत होतो. सरदारनं बाटली ओळखली. लहानपणासारखी चोखली.

जनावरांचे डॉक्टर बोरसे जळगावला मीटिंगला गेलेत. उद्या येतील म्हणतात.

७ सप्टेंबर, बुधवार
नऊ मेली.

काय लिहू? सकाळी फाटक उघडलं तर पाच आडवी पडलेली. पोटं फुगलेली, पाय ताठ. दुपारपर्यंत आणखी चार. झिपरू आबा एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "उठ ना माय, उठ ना." मला ते बघवेना. मी त्याच्यावरच ओरडलो, रडायचं सोड आणि पाणी आण.

सरदार अजून उभा आहे. धडपडतो, पडतो, पुन्हा उठतो.

वन खात्याची माणसं आली. पंचनामा. कशानं मेली? आधी मला हिंगुळाचा संशय आला. पण हिंगूळ फक्त सरदारला लावला होता. पाणी बघितलं, हौद स्वच्छ. कुणी विष टाकलं? कोण टाकेल? आणि मग डोक्यात वीज चमकली. ज्वारी! कोवळी ज्वारी विषारी असते, हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या बापाची गाय त्यानंच गेली होती. आणि ज्वारी आणली कुणी? मला न विचारता आणली कुणी?

झिपरू आबाला विचारलं. म्हणाला, "ज्वारी निसवेल व्हती, भाऊ. कनसं व्हतात तिले." मी म्हटलं, सगळ्या भाऱ्याला होती का? एखादा कोवळा फुटवा आला नसेल? मी म्हटलं, तुम्ही काडी-काडी तपासली होती का? तो म्हणाला, "नही." मग मेलेल्या हरणांकडे बघत म्हणाला, "तुम्ही म्हनतस तं तसंच व्हई. माले काय समजस."

नानासाहेबांनी तिथेच लिहून घ्यायला लावलं. मजकूर मी लिहिला, झिपरूनं कोवळी ज्वारी परवानगीवाचून घातल्याने काळविटं मेली. झिपरू आबानं अंगठा उठवला. अंगठ्याची शाई त्यानं धोतराला पुसली. नानासाहेब म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नका. म्हातारा माझ्याकडे बघत उभा राहिला. मी कागदाची घडी घालत होतो.

चूक केली तर भोगावी लागते. मी काही त्याचा वैरी नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार
सरदार गेला, सकाळी सातला. माझ्याकडे बघत होता असं म्हणणार नाही. डोळे आधीच गेले होते.

डॉक्टर आले. त्यांनी तीन जनावरं फाडली. मी शेजारी उभा. पहिल्याच पोटाला सुरी लावली आणि असा आंबूस वास सुटला, ताडीच्या दुकानासारखा. पोटात पातळ रबडी. डॉक्टरांनी त्यात हात घातला आणि माझ्यासमोर धरला. बाजरी. फुगलेली, शिजलेली बाजरी आणि पिठाचे गोळे.

"ज्वारी कुठाय?" डॉक्टर म्हणाले. "ज्वारीनं मारलं असतं तर खाल्ल्यावर तासाभरात पाय खोडून पडली असती. दोन दिवस लागत नाहीत."

हे मला ठाऊक होतं. बापाची गाय शेताच्या धुऱ्यावरून गोठ्यापर्यंत पोचली नव्हती. मला ठाऊक होतं आणि तरी मी ते लिहिलं.

डॉक्टरांनी मग सगळं विचारलं. उपाशी ठेवली होती का, घमेली किती होती, किती मांडे, किती पोळ्या. मी सांगत गेलो. ते म्हणाले, "पितांबर भाऊ, बैलाला कण्या-पेंड रोजची असते, वर तो दोन पोळ्या खातो आणि औताला जातो. हे गवतावर वाढलेलं पोट. त्यात भुकेलं. एकदम एवढं गोड धान्य पडलं की सगळं आंबतं, तो आंबटपणा रक्तात उतरतो." मग विचारलं, "नंतर काय पाजलं?" मी गुळाचं पाणी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो आणि ही वही काढली. पाच तारखेचं पान. माझ्याच अक्षरात आहे, 'कुणी हुंगलीसुद्धा नाही.' आणि भारा नथ्थूच्या म्हशींनी खाल्ला. त्या म्हशी आजही बांधावर चरतायत. मी काल आंधळा होतो की हरामखोर, मला सांगता येत नाही.

प्रमिलाला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. उठून खापर घासायला घेतलं आणि घासतच राहिली.

९ सप्टेंबर, शुक्रवार. गणेश चतुर्थी
पंधरा झाली. राहिली फक्त ती दोन पाडसं, ज्यांना कुणी घमेल्याजवळ येऊ दिलं नव्हतं. 'मोठ्यांचा मान पहिला.'

कायद्यानं पुरता येत नाही, कातडं आणि शिंगं कुणी काढून नेऊ नये म्हणून जाळायची. मागच्या मोकळ्या जागेत लाकडं रचली. वन खात्याची दोन माणसं शिंगं मोजत होती. सरदारच्या शिंगांचा रंग तसाच होता. एकानं विचारलं, "हे लाल कशानं?" मी म्हटलं, मी रंगवलं. त्यानं लिहून घेतलं. गावात गणपतीच्या मिरवणुका निघाल्या होत्या, ढोल ऐकू येत होते. मी शेवटपर्यंत उभा राहिलो. मनात सारखं येत होतं की त्या लाकडांवर आपणही चढावं.

१२ सप्टेंबर, सोमवार
नवा कागद लिहिला. ज्वारीचा दोष नाही, पोळ्याच्या दिवशी मी जनावरं उपाशी ठेवून बाजरी व मांडे घातले, झिपरू निर्दोष आहे. खाली सही. ऑफिसात नेऊन दिला.

नानासाहेबांनी वाचला. दार लावून घेतलं. म्हणाले, "फोटोत कोण आहे?" पेपरातलं पान पुढे सरकवलं. "मांडा कोण भरवतंय? सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय. तुम्ही एकटे बुडणार नाही, पितांबरराव, ट्रस्ट बुडेल. अस्वल, मोर, सहा माणसांच्या भाकरी. आणि म्हाताऱ्याची तक्रार आहे का काही? त्यानं स्वतः अंगठा दिलाय." कागद त्यांनी फाडला नाही. माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "विचार करा. मग वाटलं तर टपालानं पाठवा, मी अडवणार नाही."

टपालपेटी ऑफिसच्या बाहेरच आहे. दोनदा तिच्यासमोर उभा राहिलो. निवृत्तीला माझी सात वर्षं राहिली आहेत. धाकट्या सुनंदाचं लग्न ठरायचंय. लिहिताना लाज वाटते, पण हेच डोक्यात होतं. कागद खिशात घालून घरी आलो.

२८ सप्टेंबर, बुधवार
सुरतेला प्लेग. हायवेवर तिकडून येणाऱ्या गाड्यांची रांग, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. पथक आधी वीसचं तीसवर गेलं होतं, आता दौराच रद्द. कळवलंय की कागदपत्रांवरून निर्णय घेऊ. म्हणजे कुणी बघायलाही येणार नव्हतं. ज्यांच्यासाठी शिंगं रंगवली, गर्दी जमवली, ते येणारच नव्हते!

दोन्ही पाडसं काल दुसरीकडे हलवली. ट्रकमध्ये चढवताना ओरडत होती. झिपरू आबा असता तर हाकेसरशी चढली असती. मला नुसती घाबरत होती.

उद्यान बंद होणार, हे आता नानासाहेबही कबूल करतात. मला ते त्यांच्या कापसाच्या जिनिंगवर घेणार आहेत. 'विश्वासू माणूस' म्हणाले.

२ ऑक्टोबर, रविवार
पिंपळनेरच्या गाडीनं झिपरू आबाच्या गावी गेलो. तोंडावर सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून.

घर शोधायला वेळ लागला नाही. पारावर विचारलं तर एक जण म्हणाला, "कोन, हरणं मारनारा झिपरू?"

दारात त्याची बायको भागाबाई होती. आत घेतलं, पाणी दिलं. हळू आवाजात म्हणाली, "बकरीले बी हात लावत नही. म्हनतस, मन्हा हातमा इख शे." हातात विष आहे म्हणे! गावातली गुरं हा माणूस चाळीस वर्षं बघत आला, कुणाची गाय अडली की रात्र न दिवस यालाच बोलावणं. आता कुणी बोलावत नाही आणि बोलावलं तरी तो जात नाही. रोज सकाळी निघतो आणि लोकांच्या बांधावरची कोवळी ज्वारी उपटत फिरतो. लोक हाकलतात. तरी जातो.

तो आला. हातात ज्वारीची धाटं होती, ती बाहेर लांब टाकून, हात धुऊन आत आला. मला बघून चेहरा फुलला. "बठा भाऊ, बठा. पिल्लं शेतस ना दोन्ही?" मी म्हटलं, आहेत. त्यानं हात जोडून कपाळाला लावले.

मग मी सांगितलं. आबा, ज्वारी नव्हती. डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं. माझी बाजरी होती, माझे मांडे होते. मी उपाशी ठेवली, तुम्ही चारा टाका म्हणत होतात, मी कडी लावली. वर गुळाचं पाणी पाजलं. ज्वारी त्यांनी खाल्लीसुद्धा नाही, तुम्हीच तर नथ्थूच्या म्हशींपुढे टाकलीत. म्हशी जिवंत आहेत. तुम्ही काही केलं नाही. मी मारली सगळी, मी. एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. भागाबाईसमोर, हुंदके देऊन.

तो ऐकत होता. त्याचे डोळेही भरून आले. जवळ सरकला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

"मन्हं मन ठेवाले सांगी ऱ्हायनात ना तुम्ही?" तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही हो आबा! खरं सांगतोय.

"म्हशीस्नं पोट येगळं ऱ्हास," तो म्हणाला. "आनि तुम्ही सवता लिखेल शे, भाऊ. तुम्ही शिकेल मानूस, खोटं लिखतस का? माले वाची दखाडं तुम्ही. अंगठा शे मन्हा." मग बायकोकडे वळून म्हणाला, "दख, इतला दूरथून उनात. मन्हा जीवले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन."

मी खिशातला कागद काढला, बारा तारखेचा, घड्या पडून मऊ झालेला. वाचून दाखवला. त्यानं मान डोलावत ऐकला. मग घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवला. "हाई कोनले देऊ नका. तुम्हना लेकरंबाळं शेतस."

भागाबाईनं भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवलो. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

गाडीपर्यंत तो सोडायला आला. फाट्यावर दहा-बारा माणसं गाडीची वाट बघत होती, प्लेगच्या भीतीनं तोंडं बांधून. मघाचा पारावरचा माणूसही होता. झिपरू आबा त्यांच्यापुढे उभा राहून म्हणाला, "हाई मन्हा साहेब शेतस. चूक मन्ही, आनि हाई सवताना आंगवर ली ऱ्हायनात. असा मानूस मी दखा नही."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. एकदोघांनी तोंडावरची फडकी खाली केली. एकानं हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले.

मी काही बोललो नाही. मीही हात जोडले.